आत कोण हाय?

आमच्या कंपनीत कॉम्प्युटर अडला की लोक दोन गोष्टी करायचे. मला फोन करायचे आणि तामोरे काकांची वाट बघायचे. काम माझ्याकडून लवकर व्हायचं, तरी वाट मात्र त्यांचीच. मी इंजिनिअरिंग करून आलेली, आणि काका मुळात प्लांटवर प्रेशरचे काटे दुरुस्त करणारे फिटर. पहिले सहा महिने मी यावरून मनातल्या मनात इतकी धुसफुसले आहे की विचारू नका.

भालचंद्र तामोरे, गाव मुरबे. बुटके, खांदे रुंद, हेल्मेट काढलं तरी कपाळावर पट्ट्याची खूण राहिलेली. शर्टाच्या खिशात दोन पेनं आणि एक लहान डायरी, हातात पाण्याची स्टीलची बाटली. पिशवीला कायम सुकटीचा वास. आमचे मॅनेजर शाकाहारी होते, त्यांच्या केबिनमध्ये जाताना काका पिशवी बाहेर ठेवायचे आणि बाहेर येताना म्हणायचे, "सायबांचं नाक लई हुशार हाय." काका चालायचे हळू. सुपरवायझर पोरं त्यांना पाठीमागे कासव म्हणत. मीही म्हटलेलं आहे, खोटं कशाला बोलू.

कंपनी बोईसरच्या एमआयडीसीतली, केमिकलची. मी सांगलीकडची. बोईसरला एक खोली भाड्याने घेतली होती आणि चोविसाव्या वर्षी आपल्याला सगळं येतं अशी माझी पक्की समजूत होती. काकांना तीन वर्षांपूर्वी प्लांटवरून उचलून सिस्टीमवर बसवलेलं, कारण जुना प्रोग्राम लिहिणारा माणूस सोडून गेला होता आणि त्याच्या शेजारी बसून चार गोष्टी शिकून घेतलेले तेवढे एकटेच होते.

आता कॉम्प्युटर अडायचा तो कशाने, ती लॉकची भानगड सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. आमच्याकडे चार ठिकाणी नोंदी व्हायच्या. गेटवर, आत कोण आलं नि बाहेर कोण गेलं याची. लॅबमध्ये तपासणीची. स्टोअरमध्ये मालाची. आणि परमिटच्या टेबलावर, म्हणजे कुठलं धोक्याचं काम कुणी कुठे करायचं याची परवानगी. चार वेगळे प्रोग्राम, पण सगळे लिहिणार एकाच डेटाबेसमध्ये. एका वेळी एकानेच लिहायचं, बाकीच्यांनी थांबायचं. एका घरात एक मोरी आणि चार बिऱ्हाडं असावीत, तसं. आत गेलेला लवकर बाहेर आला तर कुणाला काही कळतसुद्धा नाही. तो आतच बसून राहिला की बाकी तिघांच्या पडद्यावर लाल अक्षरं उमटायची, डेटाबेस लॉक आहे म्हणून, आणि तिन्ही टेबलांवरून बोंब सुरू व्हायची.

माझा उपाय सोपा होता. चारही प्रोग्राम बंद करायचे, पुन्हा चालू करायचे. दोन मिनिटांचं काम. काकांचा उपाय म्हणजे बाटली उचलायची आणि चालायला लागायचं. आधी परमिट, मग स्टोअर, मग लॅब, मग पार टोकाला गेट. प्रत्येक टेबलापाशी उभं राहून विचारायचं, "आत कोण हाय?"

पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा मी कपाळाला हात लावला. म्हटलं, "काका, कुठला प्रोग्राम अडवतोय ते मला इथे बसल्या जागी दिसतं."

"कुठला ते मला बी दिसतं, बाय," ते म्हणाले. "का अडवतोय ते कुठं दिसतं?"

आणि गेले चालत.

लॉक बहुतेक वेळा लॅबमधून लागायचं. तिथे देशमुख मॅडम होत्या, कामाला चोख, बोलायला तिखट. त्या अकरा वाजता नोंदीची खिडकी उघडायच्या, निम्मी भरायच्या आणि तशीच उघडी टाकून नमुने तपासायला जायच्या. तासाभराने येऊन उरलेली भरायच्या. तोवर बाकी सगळे ताटकळत. मी त्यांना दोनदा ईमेल केली, नियम लिहून भिंतीवर चिकटवला. त्यांनी तो कागद काढून डब्याखाली घेतला. एक दिवस काका आपला डबा घेऊन लॅबच्या मागच्या बाकावर जाऊन बसले, मॅडमचं थालीपीठ खाल्लं, त्यांना कोलंबीचं लोणचं दिलं आणि अर्ध्या तासाने कारण घेऊन आले. खिडकी उघडली की बॅचचा नंबर मिळायचा, आणि नमुन्याच्या बाटलीवर तो नंबर लिहिल्याशिवाय मॅडमना तपासणी सुरूच करता यायची नाही. खिडकी बंद केली तर नंबर जायचा. मॅडम हट्टी नव्हत्या, आमचा प्रोग्रामच तसा होता.

"आता नंबर पयला देऊन टाक आणि खिडकी बंद करू दे," काका म्हणाले. "येल का तुला करता?"

आलं मला करता. एका दुपारचं काम निघालं. महिनाभर मॅडमच्या डब्याखाली असलेला तो कागद मी स्वतःच काढून टाकला. लॉक निम्म्याने कमी झाले आणि मॅडम मला पहिल्यांदा हसून बोलल्या. काकांनी याचं श्रेय घेतलं नाही, पण मला चिडवायची संधीही सोडली नाही. पुढे मी कुणावर वैतागले की ते म्हणायचे, "जा, आदी थालीपीठ खाऊन ये."

त्यांचं एक म्हणणं होतं, माणूस खोटं बोलत नाही, माणूस घाबरतं. कुणी "मी काही केलं नाही" म्हणालं की ते मान डोलवायचे आणि दुसरं काहीतरी विचारायचे. घरचं, गावचं. मग हळूच माणूस स्वतःहून सांगायचा की हो, मी खिडकी उघडी टाकून चहाला गेलो होतो. काका डायरीत वेळ लिहून घ्यायचे. नाव कधी लिहीत नसत.

एवढी मगजमारी कशासाठी, हे मला बरेच दिवस कळलं नव्हतं. मला वाटायचं, म्हाताऱ्याला वेळ जात नाही. एकदा गेटची नोंद वीस मिनिटं अडकली होती, तेव्हा ते पहिल्यांदा माझ्यावर आवाज चढवून बोलले. मी म्हटलं होतं, वीस मिनिटांनी काय बिघडतं.

"माणूस आत हाय आणि यादीत नाय," ते म्हणाले. "ह्यात काय बिघडलं ते कळत नाय तुला? गॅस सुटला, भोंगा झाला, तर गेटवरून यादी निघणार. यादीत नाय त्याला शोधायला कोण जाणार?"

मग थोड्या वेळाने, राग उतरल्यावर, त्यांनी आपल्या आईची गोष्ट सांगितली. वादळाची हूल उठली की मुरब्याच्या बायका किनाऱ्यावर जमायच्या. होड्या यायला लागल्या की बाकीच्या मोजायच्या. त्यांची आई मोजायची नाही. ती एकेका माणसाचं नाव घ्यायची, ओ आल्याशिवाय पुढच्या नावाला जायची नाही. लोक हसायचे. ती म्हणायची, आकडा जुळतो, माणूस जुळत नाही. हे सांगून काकांनी बाटलीतलं पाणी प्यायलं आणि ते उठले. मी पुन्हा माझ्या पडद्याकडे वळले.

आणखी एक गोष्ट त्यांनी मला नीट समजावून सांगितली होती, आणि ती मला आधीपासून माहीतही होती. आमच्या डेटाबेसमध्ये नवी नोंद लगेच मुख्य फाइलीत जात नसे. आधी ती शेजारच्या एका फाइलीत जमा व्हायची, आणि सवड मिळाली की तिथून मुख्य फाइलीत उतरायची. कुणी एखादा मोठा अहवाल उघडून बसलं असेल तर ती सवड तास तास मिळायची नाही. लॉक सुटेना झालं की काही लोक ही शेजारची फाइल उडवून टाकतात. लॉक जातं हे खरं. पण तिच्यात जमलेल्या नोंदीही जातात, आणि पडद्यावर कुठे ओरखडासुद्धा दिसत नाही.

"होडीतला माल अजून उतरवलेला नाय आणि तू होडीच बुडवतेस," काका म्हणाले होते. "त्या फायलीला हात लावायचा नाय. कायपण झालं तरी."

"नाही लावणार," मी म्हटलं होतं.

फेब्रुवारीतली दुपार होती. दोन वाजता परमिटच्या टेबलावर लाल अक्षरं आली. काका स्टोअरच्या पलीकडच्या गोदामात गेले होते. परमिटवाला म्हणाला, काकांना निरोप दिलाय, दहा मिनिटांत येतील. पण तीन वाजता बाहेरचे तपासणीवाले यायचे होते आणि मॅनेजर माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले होते. त्यांनी विचारलं, "तुम्हाला जमतं की तामोरेंनाच बोलवायचं?"

या एका वाक्याने माझं डोकं फिरलं. मी प्रोग्राम बंद करून चालू केले. लॉक तसंच. पुन्हा केलं. तसंच. लॅबमधला एक अहवाल दुपारी एकपासून उघडा होता, तो प्रोग्राम बंदच होत नव्हता. चालत जाऊन विचारायला पाच मिनिटं लागली असती. मी तो प्रोग्राम जबरदस्तीने तोडला आणि शेजारची फाइल उडवली. लाल अक्षरं गेली. मॅनेजर म्हणाले, "गुड." मला बरं वाटलं. आज लिहितानाही ते बरं वाटलेलं आठवतं, आणि स्वतःची किळस येते.

पावणेतीनला भोंगा झाला. टाक्यांकडच्या पाइपातून गॅस सुटला होता. आम्ही सगळे गेटजवळच्या मोकळ्या जागेत जमलो. डोळ्यांना झोंबत होतं. गेटवरून यादी निघाली, एकसष्ट माणसं. सेफ्टीवाल्यांनी डोकी मोजली, एकसष्ट. सगळ्यांनी श्वास सोडला. काका घाईघाईने माझ्याजवळ आले.

"बाय, दुपारी लॉक आलं व्हतं म्हणे. कसं गेलं?"

"आपोआप गेलं, काका."

"काय काढलं-बिडलं नायस ना?"

"नाही."

त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं, डायरी काढली, वेळ लिहिली आणि डायरी खिशात ठेवली. बाकी कुणाचं बोलणं ते दोनदा तपासून घेत. माझं घेतलं नाही. मी त्यांच्या हाताखाली शिकलेली, माझ्यावर त्यांचा भरवसा होता.

सात-आठ मिनिटं गेली असतील. गेटवरचा गार्ड तिवारी मुख्य दरवाजा बंद करून शेवटी तिथे आला. इकडे तिकडे बघत त्याने काकांना विचारलं, "तामोरेजी, वो टंकी साफ करने वाले दो जन निकल गये क्या?"

"कौन दो?"

"मासवण साइड के. डेढ बजे मैंने ही एंट्री किया था."

काकांनी यादी हातात घेतली. बोट ठेवून एकेक नाव वाचत खाली आले. ती दोन नावं नव्हती. मग त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता अजून. मी दिलेलं उत्तर खरं असू दे, अशी आशा होती. मी खाली बघितलं. त्यांना कळलं.

एका सेफ्टीवाल्याबरोबर काका आत गेले. त्याच्या पाठीवर श्वासाच्या हवेचा सिलिंडर होता, काकांनी पेटीतला साधा मास्क ओढला होता. सिलिंडरची दुसरी जोडी यायला वेळ लागणार होता आणि ते थांबायला तयार नव्हते. आठ मिनिटं त्यांनी माझ्या शब्दावर घालवली होती. पंचावन्न वर्षांचा, कासव म्हणून हिणवलेला माणूस त्या दिवशी धावला.

ते दोघे टाक्यांच्या मागे भिंतीच्या सावलीत सापडले. काशिनाथ आणि त्याचा मेहुणा रमेश. भात काढून झालं की ते दरवर्षी कामाला बाहेर पडत. यंदा पहिल्यांदाच कंपनीत आले होते, तिसराच दिवस. टाकीत उतरायचं परमिट लॉकमुळे निघालं नव्हतं, म्हणून मुकादम त्यांना तिथे बसवून परमिट आणायला गेला होता आणि भोंगा झाल्यावर, ज्या मागच्या फाटकातून तो नोंद न करता यायचा, त्यातूनच पळाला. या दोघांना वाटलं, हा तीनच्या पाळीचा भोंगा. एमआयडीसीत रोज वाजतात, आपल्याला उठायला कुणी सांगितलं नाही. म्हणून ते बसून राहिले. रमेश चालत बाहेर आला. काशिनाथला काकांनी पाठीवर घेऊन आणलं. तिसऱ्या दिवशी तो दवाखान्यातच वारला.

चौकशी झाली. या दोघांच्या कंत्राटदाराने सांगितलं, ते नोंद न करता घुसले. यादीत नावं नाहीत, मग दुसरं काय. तिवारी शपथेवर सांगत होता की मी नोंद केली, पडद्यावर दिसली. त्याचं कुणी ऐकलं नाही. त्याला काढून टाकलं, तो गावी निघून गेला. काकांना विचारलं. काका खोकत खोकत म्हणाले, नोंदी झाल्या होत्या, सिस्टीममधून गेल्या.

"कशा गेल्या?"

काका थांबले. त्या खोलीत मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसले होते. पंखा फिरत होता. त्यांनी माझ्याकडे मान वळवली नाही, नुसते गप्प बसले, खूप वेळ. आता मला वाटतं, ती जागा त्यांनी माझ्यासाठी मोकळी सोडली होती. मी माझ्या ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिले. शेवटी ते म्हणाले, "मला सांगता येणार नाय." अहवालात लिहिलं गेलं की मयत इसम नोंद न करता आत शिरला होता.

काका पुन्हा कामावर आले नाहीत. दोन जिने चढवेनात. कंपनीने नवी सिस्टीम घेतली आणि ती बसवायचं काम माझ्याकडे दिलं. मी ते चांगलं केलं, सगळे म्हणाले.

दिवाळी झाल्यावर मी मुरब्याला गेले. नऊ महिने लागले मला तेवढं अंतर कापायला. घरासमोर बांबूंवर बोंबील वाळत होते. काका ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते, खांदे होते तेवढेच रुंद, मधला माणूस आटलेला. काकींनी चहा आणला, माझ्याकडे नीट बघितलं नाही आणि आत गेल्या. मी वाटेत वाक्यं जुळवली होती. ती सगळी बोलून दाखवली. फाइल मी उडवली. तुम्हाला खोटं सांगितलं. तुम्ही माझं नाव घेतलं नाही, हे तुमचे उपकार आहेत. रडलेही.

काकांनी मला रडू दिलं. मग म्हणाले, "मला काय नवीन सांगतेस? त्याच सांजंला मशीन बघितली मी."

"मग तुम्ही..."

"उपकार-बिपकार काय नाय." मध्ये त्यांना दम लागला. ते थांबले, पुन्हा सुरू झाले. "मला वाटलं, तू बोलशील. आपणहून. मी वाट बघितली तुझी. तू बोलली नायस. आणि मी बी बोललो नाय. चूक झाली माझी. तुझं नाव वाचवायला गेलो आणि त्याचं नाव गेलं. तो चोरावानी घुसला असं लिवलंय कागदावर. त्याची बायको तेच ऐकत बसलीय गावात."

मी म्हटलं, "मला माफ करा, काका."

"माफ नाय केलं," ते म्हणाले. शांतपणे. "तुझं नाव दिलं नाय, ती येगली गोष्ट हाय. माझ्याकडं कशाला आलीस? मी आत व्हतो तर माझं नाव यादीत व्हतं. मासवणला जा. तिला सांग."

मी हो म्हटलं. ते म्हणाले, "आजच जा. दिवस हाय अजून." मीही म्हटलं, आजच जाते.

पुढचं आधी सांगून टाकते. मी मासवणला गेले, पण दुसऱ्या वर्षीच्या श्रावणात. जुलैमध्ये काका गेल्याचं देशमुख मॅडमनी मला फोनवर सांगितलं, त्यानंतर. काशिनाथची बायको शेतात लावणी करत होती. चिखलाच्या हातांनीच बांधावर येऊन उभी राहिली. माझं सगळं ऐकून घेतलं. लॉक, फाइल, यादी, यातलं तिला किती कळलं कोण जाणे. तिने एवढंच विचारलं, "म्हंजी त्याचं नाव लिवलं व्हतं?"

"लिहिलं होतं. मी पुसलं."

"लिवलं व्हतं ना पन."

"हो."

ती शेतात काम करणाऱ्या सासूला ओरडून म्हणाली, "आये, नाव लिवलं व्हतं त्याचं. तो असाच नाय गेला." सासूने कंबर सरळ करून माझ्याकडे बघितलं, बराच वेळ, आणि पुन्हा वाकली. मला कुणी बस म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. मी तिथूनच पालघरला जाऊन सगळं लेखी दिलं, चौकशी करणाऱ्यांना आणि कंपनीला. नोकरी गेली. अहवाल अजून बदललेला नाही, मी दर महिन्याला विचारायला जाते. तिवारीचा पत्ता मात्र मला अजून सापडलेला नाही.

हे सगळं काकांना बघायला मिळालं नाही. त्यांनी बघितलं ते वेगळंच, आणि ते सांगायचं मी टाळत होते.

त्या दिवशी मुरब्याला मी निघाले तेव्हा ते मला सोडायला आले. काकी नको म्हणाल्या, तरी आले. चाळीस पावलांच्या वाटेत दोनदा थांबले, भिंतीला हात टेकून. वाट पुढे फुटत होती. एक खाडीकडे, तिथून होडीने सातपाटी, सातपाटीहून पालघर आणि पालघरहून मासवण. दुसरी रिक्षांकडे, बोईसरला माझ्या खोलीवर जाणारी. चार वाजले होते. होडी लागलेली दिसत होती, दोन बायका टोपल्या घेऊन चढत होत्या. काका भिंतीला हात टेकून होडीकडे बघत उभे राहिले.

मी त्या होडीकडे बघितलं. मग मनात म्हटलं, आता पोहोचेपर्यंत संध्याकाळ होईल, पाडा कुठला ते माहीत नाही, उद्या ऑफिसात नव्या सिस्टीमची तपासणी आहे, रविवारी जाऊ. रिक्षात एक जागा रिकामी होती. मी जाऊन बसले. मागे बघितलं तेव्हा काका अजून भिंतीला हात टेकून उभे होते. मी हात केला. त्यांनी केला नाही. रिक्षा भरून चालू होईपर्यंत ते तसेच थांबले, मी उतरेन म्हणून. मग पाठ फिरवली आणि घराकडे चालू लागले.